रोलरबॉल : हिंसेचा खेळ आणि प्रेक्षकांचा वाटा

रिकामे, उतरत्या कडांचे एक वर्तुळाकार मैदान. पार्श्वभूमीला बाखच्या ऑर्गनसंगीताचे धीरगंभीर सूर. हळूहळू दिवे लागतात, प्रेक्षागृह भरते आणि खेळाडू रांगेत उभे राहतात. सामन्यापूर्वी सारे जण सन्मानाने उभे राहतात. परंतु जे गीत वाजते ते कोणत्याही राष्ट्राचे नसते, ते कंपनीचे गीत असते. १९७५ साली प्रदर्शित झालेल्या ‘रोलरबॉल’ या चित्रपटाची ही सुरुवात. पुढील दोन तासांत जे सांगावयाचे आहे, त्याचे सार या एका प्रसंगात सामावले आहे.

नॉर्मन जुइसन या कॅनडात जन्मलेल्या दिग्दर्शकाने हा चित्रपट निर्माण केला. विल्यम हॅरिसन यांची मूळ कथा १९७३ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात आली होती आणि पटकथाही त्यांनीच लिहिली. त्याच वर्षी खनिज तेलाच्या टंचाईने साऱ्या जगाचे व्यवहार विस्कळीत केले होते आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या वाढत्या सामर्थ्याची चर्चा सर्वत्र चालू होती. चित्रपटातील काळ मात्र २०१८ सालचा आहे. त्या काल्पनिक जगात राष्ट्रे लयाला गेली आहेत, युद्धे संपली आहेत, दारिद्र्यही उरलेले नाही. ऊर्जा, अन्न, वाहतूक, दळणवळण, गृहनिर्माण आणि चैनीच्या वस्तू अशा मोजक्या महाकंपन्या जगाचा कारभार पाहतात. प्रत्येक क्षेत्रात एकच कंपनी. स्पर्धा नाही, म्हणून निवडही नाही. नागरिकांकडून एकच अपेक्षा असते : वरून आलेल्या निर्णयांत हस्तक्षेप करू नये.

लोकांच्या मनातील सुप्त आवेगाला वाट देण्यासाठी या व्यवस्थेने रोलरबॉल नावाचा खेळ निर्माण केला आहे. दोन संघ पायांना चाके लावून वर्तुळात धावतात, काही खेळाडू मोटरसायकलींवर असतात. तोफेतून सुटणारा पोलादी गोळा पकडून चुंबकीय गोलात टाकावयाचा, हा नियम. हाडे मोडतात, माणसे मरतात आणि प्रेक्षक आनंदाने ओरडतात. म्युनिक येथे १९७२ च्या ऑलिम्पिकसाठी उभारलेल्या बास्केटबॉलच्या सभागृहात या सामन्यांचे चित्रीकरण झाले.

या खेळाचा अनभिषिक्त सम्राट म्हणजे ह्यूस्टनच्या ऊर्जा कंपनीचा खेळाडू जोनाथन ई. ही भूमिका जेम्स कान यांनी केली आहे. एके दिवशी कंपनीचा प्रमुख बार्थोलोम्यू (जॉन हाउसमन) त्याला बोलावून निवृत्त होण्यास सांगतो. खेळाडू ऐन भरात आहे, संघ जिंकतो आहे, प्रेक्षक त्याच्या नावाचा जयघोष करतात. मग निवृत्ती कशासाठी? कारण त्या जयघोषातच दडले आहे. एकट्या माणसाचे कर्तृत्व निष्फळ असते, हे लोकांच्या मनावर बिंबवण्यासाठी हा खेळ योजलेला आहे. जोनाथन वर्षानुवर्षे टिकून राहिल्याने नेमका उलटा धडा दिला जात आहे. व्यवसायाच्या परिभाषेत सांगावयाचे तर कर्मचारी संस्थेपेक्षा मोठा झाला आहे आणि संस्थेला ते मानवत नाही.

जोनाथन नकार देतो. मग नियम बदलू लागतात. टोकियोच्या सामन्यात दंडाची तरतूद काढून टाकली जाते आणि त्यात त्याचा जिवलग सहकारी मूनपाय कायमचा निश्चेष्ट होतो. न्यूयॉर्कविरुद्धच्या अखेरच्या सामन्यात बदली खेळाडू नाहीत, दंड नाही आणि वेळेची मर्यादाही नाही. आदेश कोणी दिला, हे कोणीच सांगत नाही. अशा कारभारात निर्णयाखाली स्वाक्षरी नसते आणि म्हणून उत्तरदायित्वही नसते.

या व्यवस्थेची खरी किंमत दोन प्रसंगांतून कळते. जोनाथनची पत्नी एला एका वरिष्ठ अधिकाऱ्याला आवडली, म्हणून ती त्याच्यापासून हिरावून घेतली गेली. पुढे ती परत येते, पण तीही त्याचे मन वळवण्यासाठी धाडलेली असते, हे त्याला उमजते. दुसरा प्रसंग जिनिव्हाचा. कंपन्या निर्णय कसे घेतात, हे जाणून घेण्यासाठी तो तेथील महासंगणकाकडे जातो. जगातील सारे ग्रंथ त्या यंत्रात साठवलेले असतात. तेथील वृद्ध ग्रंथपाल (राल्फ रिचर्डसन) किंचित ओशाळून सांगतो, की संपूर्ण तेरावे शतक यंत्रातून हरवले आहे. जोनाथनच्या प्रश्नाला यंत्र गोलमाल उत्तरे देत राहते. ज्या समाजाने आपल्या वह्या, बखरी आणि ग्रंथ दुसऱ्याच्या हवाली केले, त्याला हिशेब विचारण्याचा अधिकारही उरत नाही. सुखसोयी की स्वातंत्र्य, अशी निवड लोकांपुढे होती आणि त्यांनी सुखसोयी निवडल्या, हे जोनाथनला शेवटी कळते.

जैन विचारात हिंसा कृत, कारित आणि अनुमोदित अशी तीन प्रकारची सांगितली आहे. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि दुसऱ्याने केलेली पाहून मान्य केलेली. या चित्रपटात तिन्ही प्रकार स्पष्ट दिसतात. खेळाडू हिंसा करतात, संचालक ती करवितात आणि प्रेक्षक तिला अनुमोदन देतात. पहिल्या दोघांना शासन करता येईल. तिसरा मात्र तिकीट काढून आलेला सभ्य गृहस्थ असतो आणि त्याच्या टाळीवाचून हा व्यवहार एक दिवसही चालणार नाही.

चित्रपटाबाहेरही हेच घडले. हिंसेवरील टीका म्हणून काढलेल्या या चित्रपटातील खेळच काही प्रेक्षकांना इतका आवडला, की तो प्रत्यक्षात यावा असे त्यांना वाटले. जुइसन यांना याचे दुःख झाले. २००२ मध्ये जॉन मॅकटियर्नन यांनी याच नावाचा नवा चित्रपट काढला. त्यात वेग आणि हाणामारी राहिली, मूळ चिंतन विरळ झाले. तो आर्थिकदृष्ट्याही अपयशी ठरला.

मूळ चित्रपटाचा शेवट लक्षात राहणारा आहे. मैदानात प्रेते पडली आहेत. शेवटचा प्रतिस्पर्धी जोनाथनच्या हाती सापडला आहे आणि पोलादी गोळा त्याच्या मस्तकावर उगारलेला आहे. प्रेक्षागृह श्वास रोखून पाहते. जोनाथन थांबतो, त्याला सोडून देतो आणि जखमी अवस्थेत जाऊन गोळा गोलात टाकतो. सामन्याचा निकाल एक विरुद्ध शून्य. क्षणभर संपूर्ण शांतता पसरते आणि नंतर त्याच्या नावाचा घोष सुरू होतो. बार्थोलोम्यू घाईने बाहेर पडतो.

हा जयघोष विजयाचा की संयमाचा, हे दिग्दर्शक सांगत नाही. आज घराघरांत लहान मुले मोबाइलवर हाणामारीचे खेळ खेळतात आणि वडीलधारी मंडळी कौतुकाने पाहत असतात. उगारलेला हात खाली येण्यापूर्वीच्या त्या शांततेत आपण कशाची वाट पाहत होतो, हा प्रश्न प्रत्येक प्रेक्षकाने स्वतःला विचारावयाचा आहे.