दातांची कमान आणि जबड्याचे हाड : उच्चारशास्त्राच्या अभ्यासकांसाठी एक टिपण

ऋक्प्रातिशाख्यात तवर्गाचे स्थान 'दंतमूल' असे सांगितले आहे. पाणिनीय परंपरेत त्याच वर्गास 'दंत्य' म्हटले आहे. दात आणि दाताचे मूळ यांतील हा भेद आधुनिक दंतशास्त्रातही कळीचा ठरला आहे. आपल्या विषयाशी त्याचा संबंध कोठवर पोहोचतो, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

खालच्या जबड्यात हाडाचे दोन भाग कल्पिता येतात. तळाचा भाग हा मूलास्थी होय. त्याच्यावर दातांना धरून ठेवणारा खोबणींचा भाग असतो. हा वरचा भाग दातांबरोबर वाढतो आणि दात पडल्यावर झिजून जातो. मूलास्थी मात्र टिकून राहते. वृद्धाचे तोंड बोळके होते ते याच कारणाने. पटाशीच्या दातांपासून सुळ्यांवरून दाढांपर्यंत जाणारी जी वक्ररेषा, ती दातांची कमान. तिचा आकार तळाच्या हाडाने ठरतो काय, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नावर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दंतरचना सुधारण्याच्या शास्त्रात, दीर्घकाळ मतभेद होता. एडवर्ड अँगल यांची धारणा अशी की, दात योग्य जागी बसवले व चर्वण सुरळीत झाले म्हणजे हाड त्यांच्या मागोमाग वाढते. उलट 1925 साली स्वीडनच्या आक्सेल लुंडस्ट्रॉम यांनी प्रतिपादिले की, दात सरकवल्याने मुळांखालच्या हाडाचा पाया रुंदावत नाही; पायाच दातांना मर्यादा घालतो. खालच्या जबड्याचे दोन अर्धभाग जन्मानंतर पहिल्या वर्षातच सांधले जातात. म्हणून वरच्या जबड्याप्रमाणे मधली शिवण उसवून तो रुंद करता येत नाही. सुळ्यांमधील अंतर बळे वाढवले, तर ते उपचारानंतर पुन्हा कमी होऊ पाहते, असा अनुभव आहे.

2000 साली अँड्र्यूज पितापुत्रांनी हिरडीच्या खालच्या कडेलगतचा उंचवटा हा मूलास्थीच्या आकाराचा निदर्शक मानावा, असे सुचवले. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका त्रिमितीय अभ्यासात दातांवरील बिंदू व या उंचवट्यावरील बिंदू यांची तुलना केली गेली. सुळे व दाढा यांच्या ठिकाणी दोहोंत निकटचा संबंध आढळला. परंतु प्रत्येक व्यक्तीची कमान निराळी असल्याने सर्वांना एकच ठरीव साचा लागू पडत नाही, असाही निष्कर्ष निघाला. यास एक पुरवणी जोडली पाहिजे. जीभ आतून आणि ओठ व गाल बाहेरून दाब देतात, आणि दात त्या दोहोंच्या समतोलात उभे राहतात. तात्पर्य, हाड मर्यादा आखते. त्या मर्यादेच्या आत स्नायूंना वाव असतो.

येथे भाषाशास्त्राचा प्रवेश होतो. चार्ल्स हॉकेट यांनी 1985 मध्ये असे मत मांडले की, मऊ अन्नामुळे वरचे दात खालच्यांच्या किंचित पुढे राहतात व 'फ', 'व' यांसारखे दंतोष्ठ्य ध्वनी सुलभ होतात. 2019 मध्ये ब्लासी प्रभृतींनी या कल्पनेस विस्तृत पुरावा जोडला. महाराष्ट्रात घोड नदीकाठच्या इनामगावी डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या दातांचा अभ्यास जॉन लुकाच व सुभाष वाळिंबे यांनी केला. अशा अवशेषांवरून आहार व चर्वण यांचे अनुमान करता येते. बोलीचे मात्र करता येत नाही.

हा इशारा देण्याचे कारण आहे. यवतमाळ जिल्ह्यातील कळंबचेच नाव घ्या. संस्कृत 'कदंब' शब्दाची प्राकृतात 'कलंब' व 'कयंब' अशी दोन्ही रूपे आढळतात. त्यांतील 'य' द-लोपाने आलेला आहे. वऱ्हाडीतील 'य' निराळा. तेथे 'डोळा'चा 'डोया' आणि 'काळा'चा 'काया' होतो, तो ळकाराच्या जागी. हे ऐकून 'यांची जीभच वळत नाही' असे शहरातले लोक सहज म्हणून जातात. वर्गात बसलेल्या मुलाला ते जिव्हारी लागते. शास्त्रदृष्ट्याही ते चूक आहे. घरी 'डोया' म्हणणारा तोच मुलगा शाळेत 'डोळा' म्हणतो. त्याचा जबडा वाटेत बदललेला नसतो. 1979 च्या प्रसिद्ध प्रयोगात दातांत ठोकळा धरून जबडा अडवला असतानाही लोकांनी स्वर जवळजवळ यथास्थित उच्चारले. जीभ अडचणीतून वाट काढते.

तेव्हा समूहाच्या ध्वनिव्यवस्थेवर शतकानुशतके अल्पसा कल पडणे वेगळे, आणि एखाद्या बोलीला शारीरिक व्यंग समजणे वेगळे. 'जग' (विश्व) आणि 'जग' (जगण्याची आज्ञा) यांतील तालव्य व दंत्य जकारांचा भेद आपल्याला हाडाने नव्हे, आईने शिकवला. दंतवैद्याला हाडाची मर्यादा ओळखावी लागते, तशी भाषाशास्त्रज्ञाने हाडावरून काढावयाच्या अनुमानाची मर्यादा ओळखली पाहिजे.