मेबॅकच्या पाठीवरचं आभाळ

गेल्या दसऱ्याला काढलेला एक फोटो घरी येऊन मोठा करून पाहिला, आणि बराच वेळ त्याच्यातून बाहेर येता आलं नाही. फोटो कोल्हापूरच्या दसरा चौकातला. सीमोल्लंघनाची वेळ, अंबाबाई, भवानी आणि गुरुमहाराजांच्या पालख्या पोचलेल्या, आपट्याची पानं लुटायला लोक आतुर झालेले, आणि त्या गर्दीत छत्रपती घराण्याची भगवी मेबॅक उभी. मी फक्त गाडीचा फोटो काढला होता. मोठा करत गेलो तसा पुढच्या मडगार्डाच्या फुगीर पाठीवर अख्खा चौक दिसू लागला. फेटे होते, पताका होत्या, वर मावळतीचं आभाळ होतं, आणि मधोमध, मुगाच्या दाण्याएवढा, हात वर करून मोबाइल धरलेला मी.

त्या दिवशी जे कळलं ते असं, की चकचकीत गाडीचा फोटो हा फार मोठ्या प्रमाणात तिच्या भोवतालचा फोटो असतो. गाडी हा एक वळणावळणाचा आरसा आहे. तिला सुंदर दाखवायचं, तर तिला काय दिसतंय हे आधी बघावं लागतं.

ही मेबॅक राजाराम महाराजांच्या काळातली. महाराज 1922 ते 1940 या काळात गादीवर होते. कोल्हापूरकराला तिची ओळख करून देण्याची गरज नाही. नव्या राजवाड्यातून ती दसऱ्याला निघते आणि माणसं देवदर्शनाच्या उत्सुकतेनं तिच्याकडे पाहतात. पण ती आली कुठून? जर्मनीत एका मोठ्या सरोवराच्या काठी फ्रीडरिक्सहाफेन नावाचं गाव आहे. तिथला मेबॅकचा कारखाना आधी झेपेलिन विमानांची, म्हणजे त्या अवाढव्य हवाई जहाजांची इंजिनं बनवायचा. मोटारी नंतर आल्या. कारखाना सांगाडा आणि इंजिन द्यायचा. वरचं अंग गिऱ्हाइकाच्या मर्जीनुसार वेगळे कारागीर चढवायचे. लाकडी चौकट, तिच्यावर हातानं ठोकून वळवलेला पत्रा.

हातानं ठोकलेला पत्रा, ही गोष्ट फोटोत दिसते. साच्यात दाबून काढलेल्या आजच्या पत्र्यावर प्रतिबिंबाची रेघ ओढल्यासारखी सरळ जाते. जुन्या गाडीवर ती श्वास घेतल्यासारखी किंचित हलते. शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये उभे राहा. तिथला मिस्त्री पत्र्याकडे समोरून बघतच नाही. तो खाली वाकून, डोळा पत्र्याला लावून, त्यात पडलेली ट्यूबलाइटची रेघ बघतो. रेघ जिथं वाकडी, तिथं पोचा. पत्र्याचा आकार डोळ्याला पत्र्यावरून कमी आणि त्यातल्या प्रतिबिंबावरून जास्त कळतो, हे त्या मिस्त्रीला कुणी शिकवावं लागत नाही. फोटोग्राफरनं मात्र त्याच्याकडून शिकावं.

आता त्या मुगाच्या दाण्याकडे. मी मडगार्डाच्या मधोमधच का? चेंडूसारख्या फुगीर आरशासमोर उभे राहा, डावीकडे सरका, उजवीकडे सरका. तुम्ही कायम मध्येच. कारण तुमच्याकडून गेलेला किरण तुमच्याकडेच परत यायचा, तर तो पृष्ठभागावर काटकोनातच आदळायला हवा, आणि गोलाकाराचा तुमच्याकडे तोंड केलेला तो बिंदू तुमच्याबरोबरच सरकत राहतो. म्हणजे क्रोमच्या घुमटाकार दिव्यासमोरून फोटोग्राफरला पळता येत नाही. लांब जाता येतं. दुप्पट लांब गेलात की प्रतिबिंब जवळपास निम्मं होतं. भडक पांढरा शर्ट घालून जुन्या गाडीचे फोटो काढायला जाऊ नये, एवढं मी तेव्हापासून पाळतो.

रंगाच्या पत्र्याची गंमत क्रोमपेक्षा खोल आहे. त्यातून दोन प्रकारचे प्रकाश आपल्याकडे येतात. एक रंगाच्या आत शिरून, भगवा होऊन बाहेर पडतो. दुसरा वरच्या लकाकीवरूनच उसळतो. तो आत गेलेलाच नसतो, त्यामुळे आभाळाचा रंग तसाच घेऊन येतो. बॉनेटकडे सरळ वरून पाहिलं तर चारेक टक्केच प्रकाश असा उसळतो, आणि भगवा रंग भरून दिसतो. पण खाली बसून, बॉनेटच्या पातळीला डोळा नेऊन, अगदी तिरकं पाहिलं तर हेच प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास जातं. तोच पत्रा, तोच रंग. तुम्ही गुडघ्यावर बसलात आणि गाडीच्या पाठीवर आभाळ उतरलं. चौकात पहिल्यांदा हे करून पाहिलं तेव्हा मी चार वेळा उठलो आणि चार वेळा बसलो.

त्याहून मोठं नवल पोलरायझर नावाच्या काचेचं. उसळलेल्या प्रकाशाच्या लहरी बऱ्याचशा एकाच दिशेत कंप पावतात, आणि काटकोनापासून सुमारे 56 अंश कलून पाहिलं तर जवळजवळ पूर्णपणे. ही काच तेवढ्याच लहरी अडवू शकते. कॅमेऱ्यासमोर ती हळूहळू फिरवा. बॉनेटवरचं आभाळ विरत जातं आणि खालून रंग वर येतो, रंकाळ्यावरचं धुकं उठल्यावर पाणी दिसावं तसा. पुढच्या काचेवरची चकाकी विझते आणि आतलं स्टीअरिंग दिसू लागतं. क्रोम मात्र ढिम्म. धातूवरून उसळलेला प्रकाश असा एका दिशेत बांधला जात नाही, त्यामुळे क्रोम तळपतच राहतो. मोबाइलवाल्यांनी पोलराइज्ड गॉगलची काच लेन्ससमोर धरून हा प्रयोग जरूर करावा. फक्त सगळी प्रतिबिंबं पुसून टाकू नयेत. प्रतिबिंब पूर्ण गेलं की गोलाईही जाते आणि मडगार्ड सपाट पुठ्ठ्यासारखं दिसतं.

प्रकाशाच्या वेळेबद्दल कोल्हापूरकराला काय सांगायचं? जे गाव मावळतीच्या किरणांचा उत्सव करतं, त्याला तिरप्या उन्हाची किंमत ठाऊकच आहे. नोव्हेंबरच्या 9, 10, 11 तारखांना आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला सूर्य महाद्वाराच्या रोखानं मावळतो, किरण गाभाऱ्यापर्यंत पोचतात आणि अंबाबाईच्या चरणांपासून दिवसागणिक मुखाकडे चढतात. क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या जवळजवळ चाळीसपट हवा कापून येतो. वाटेत निळा विखरून जातो. उरतो तो सोनेरी, तांबूस. भगव्या गाडीला हा प्रकाश सख्ख्या नात्याचा.

तरीही माझ्या मते सूर्य बुडाल्यावरची पंधरा-वीस मिनिटं त्याहून चांगली. सूर्याचं बिंब आभाळात जेमतेम अर्धा अंश जागा घेतं. एवढ्याशा दिव्याचं प्रतिबिंब फुगीर मडगार्डावर टोचणाऱ्या ठिपक्यासारखं पडतं आणि बाकी पत्रा काळवंडतो. सूर्य बुडाला की पश्चिमेचं अख्खं आभाळच दिवा होतं. खाली केशरी, वर फिकट, त्याच्यावर निळं. मग त्या ठिपक्याच्या जागी एक लांब, मऊ उजेडाची पट्टी दिव्यापासून दारापर्यंत वाहत जाते. गाड्यांच्या जाहिराती काढणारे स्टुडिओत गाडीच्या डोक्यावर प्रचंड पांढरं छत टांगतात, ते याचीच नक्कल करायला. आपल्याला ते रोज संध्याकाळी फुकट मिळतं.

उजेड वळवण्याची ही विद्या या गावाला नवी नाही. शाहू महाराजांच्या आश्रयानं वाढलेले चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थ आणि रंकाळ्याच्या काठांवर बदलत्या प्रकाशाचा पाठलाग करत राहिले. बाबूराव पेंटरांनी तर इथंच सिनेमाचा कॅमेरा घडवला आणि 1920 साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. रंगभूमीचे पडदे रंगवणारा हात कॅमेऱ्यामागे गेला, तेव्हा प्रकाश कुठून घ्यायचा आणि सावली कुठं ठेवायची हे चित्रकाराचं शहाणपण त्याच्याबरोबर गेलं. तेच शहाणपण गाडीलाही लागू पडतं. तिच्या अंधाऱ्या बाजूला मित्राला पांढरी चादर धरून उभं करा; सावलीतला पत्रा जागा होतो.

एक चूक सगळेच करतात: गाडी आवडली की जवळ जातात. पाच मीटर लांबीची गाडी धरा. दिव्यापासून दोन मीटरवर उभे राहिलात तर मागचं टोक तुमच्यापासून सात मीटर, म्हणजे पुढचा भाग मागच्याच्या साडेतीनपट मोठा. मेबॅकचं ते ऐटदार लांब बॉनेट एखाद्या सुजलेल्या नाकासारखं येतं. पंधरा मीटर मागे गेलात तर हिशेब पंधरा आणि वीस; फरक जेमतेम सव्वापट-दीडपटीच्या मधला. गाडीची प्रमाणं कारागिरानं जशी बेतली तशी परत येतात. मग झूम करा, आणि दिव्याच्या उंचीला बसा. दसऱ्याच्या गर्दीत पंधरा मीटर मोकळे मिळणं अवघड. त्यासाठी लवकर जाऊन जागा धरावी.

गाडी चालू लागली की चाकाचं कोडं सुरू होतं. मिरवणुकीतली गाडी ताशी दहा किलोमीटरनं चालली, तर सेकंदाच्या तिसाव्या भागात ती नऊ सेंटिमीटर सरकते. पण चाकाचा सगळा भाग सारखा सरकत नाही. जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी चक्क स्थिर असतो, आणि सगळ्यात वरचा बिंदू गाडीच्या दुप्पट वेगानं, अठरा सेंटिमीटर, पुढं धावतो. म्हणून कॅमेरा स्थिर ठेवून काढलेल्या फोटोत चाकाचा खालचा भाग स्पष्ट आणि वरचा पुसट येतो. कॅमेरा गाडीबरोबर फिरवत नेला तर हा भेद मिटतो. चाक सगळीकडून सारखं गरगरतं, गाडी स्पष्ट राहते आणि मागची गर्दी रंगांच्या रेघा होऊन वाहते.

शंभराहून जास्त वर्षांपूर्वी झाक लार्तीग नावाच्या फ्रेंच तरुणानं शर्यतीच्या गाडीचा असाच कॅमेरा फिरवत फोटो काढला. त्याच्या कॅमेऱ्याची फट काचेवरून सरकत सरकत चित्र उमटवत होती, त्यामुळे वरचं आणि खालचं वेगवेगळ्या क्षणी टिपलं गेलं. चाक लंबगोल होऊन पुढं झुकलं आणि रस्त्याकडेची माणसं मागं कलली. त्या वेळी तो फोटो फसल्यासारखा वाटला असेल; आज वेगाचं इतकं जिवंत चित्र दुसरं सापडणं कठीण. आणि तुमचा मोबाइलही चित्र ओळीओळीनंच वाचतो. जवळून भरधाव गेलेल्या गाडीचा फोटो काढून पाहा, ते झुकणं तुमच्या खिशातही आहे.

राहिला भगवा. तो कॅमेऱ्याला कायम जड गेला आहे. जुन्या काळच्या कितीतरी काचेच्या प्लेटा निळ्या-हिरव्या प्रकाशाला जागायच्या आणि तांबड्या-केशरीला जवळजवळ आंधळ्या असायच्या; त्यांच्यावर भगवा झेंडा काळपट उमटायचा. आजचा मोबाइल उलटी चूक करतो. संध्याकाळी एवढा केशरी प्रकाश कसा, असं समजून तो सगळं निळसर करू पाहतो, आणि लाल इतका भरतो की गाडीच्या वळणांचे तपशील एका सपाट डागात बुडतात. उपाय सोपा आहे. पडद्यावर गाडीवर बोट टेकवा, उजेड थोडा खाली ओढा, डाग विरघळून गोलाई परत दिसेपर्यंत. व्हाइट बॅलन्स उन्हाच्या खुणेवर अडकवून ठेवा.

यंदा मी चौकात दुपारीच जाणार आहे, गडद सदरा घालून. जागा मावळती पाठीशी येईल अशी निवडली आहे, म्हणजे ते सगळं आभाळ माझ्या डोक्यावरून थेट मडगार्डावर पडेल. पानं लुटून झाली, लोक एकमेकांना सोनं देत पांगू लागले, की मग गुडघ्यावर बसायचं.