मृत्युपत्र आणि साक्षीदाराची जबाबदारी

खेड्यातील शाळेच्या गुरुजींकडे किंवा ग्रामपंचायतीच्या कारकुनाकडे एखाद्या संध्याकाळी कुणी कागद घेऊन येतो. ‘म्हाताऱ्याचे मृत्युपत्र आहे, साक्षीदार म्हणून तेवढी सही करा,’ असे म्हणतो. म्हातारा घरी अंथरुणावर असतो. त्याला सही करताना गुरुजींनी पाहिलेले नसते. तरीही भिडेखातर सही होते. या भिडेची किंमत पुढे कोण मोजतो, याचा विचार करावयास हवा.

कर्जापायी मुलाने जीव दिला आणि शेत मात्र सासऱ्याच्या नावावर राहिले, अशी घरे यवतमाळ जिल्ह्यात थोडी नाहीत. अशा वृद्धाने स्वकष्टार्जित शेत विधवा सुनेस द्यावयाचे मनात आणले, तर मृत्युपत्र हा त्याला सोपा मार्ग आहे. ते न्यायालयात टिकले नाही, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे सर्व वारसांत वाटणी होईल. सुनेच्या पदरी मृत मुलाच्या शाखेचा वाटा तेवढा पडेल. सासऱ्याने तिच्यासाठी राखलेले शेत सबंध तिचे होणार नाही.

मृत्युपत्रास मुद्रांक लागत नाही. नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावरील लेख चालतो. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ याच्या कलम ६३ ने मात्र काही गोष्टी आवश्यक ठरविल्या आहेत. करणाराने सही अथवा अंगठा करावा, किंवा त्याच्या सांगण्यावरून त्याच्यासमक्ष दुसऱ्याने सही करावी. किमान दोन साक्षीदार हवेत. प्रत्येकाने ती सही होताना पाहिलेली असावी, अथवा ‘ही सही माझीच’ अशी कबुली करणाराच्या तोंडून ऐकलेली असावी. शिवाय प्रत्येकाने करणाराच्या समक्षच आपली सही केली पाहिजे. दोघे एकाच वेळी हजर असावेत असा मात्र दंडक नाही. मुस्लिम कायद्यात तोंडी मृत्युपत्रही चालते. त्याची मर्यादा सामान्यतः एकतृतीयांश मिळकतीची आहे.

नोंदणी झाली म्हणजे सारे पक्के झाले, हा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो चुकीचा आहे. दुय्यम निबंधकाचा शिक्का उपयोगी पडतो, पण साक्षीदाराची जागा घेत नाही. वाद उभा राहिल्यास, साक्षीदार हयात व उपलब्ध असेल तर, निदान एकाने न्यायालयात येऊन सांगावे लागते. पूर्वीच्या पुरावा कायद्याचा हा नियम १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे.

त्या एकाची साक्षही पुरी असावी लागते. जानकी नारायण भोईर विरुद्ध नारायण नामदेव कदम हा खटला मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. एक साक्षीदार तपासला गेला. पण दुसऱ्या साक्षीदाराने सही केल्याचे तो सांगू शकला नाही, आणि त्या दुसऱ्याला बोलाविलेच नव्हते. २००२ साली न्यायालयाने मृत्युपत्र सिद्ध झाले नाही, असा निर्णय दिला.

यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. साक्षीदार शक्यतो करणारापेक्षा वयाने लहान व सहज सापडणारे असावेत. दोघांनी एकाच बैठकीत, एकमेकांसमक्ष सह्या कराव्यात. ज्याला मिळकत मिळावयाची त्याला साक्षीदार करू नये, आणि कागद तयार करण्यात त्याने पुढाकारही घेऊ नये. असा पुढाकार संशयास्पद ठरतो व तो संशय दूर करण्याचा भार मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर पडतो, हे सर्वोच्च न्यायालयाने वेंकटाचल अय्यंगार खटल्यातच स्पष्ट केले आहे. अखेरच्या दुखण्याची वाटही पाहू नये. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते.

आणि गुरुजींनी काय करावे? कागद परत द्यावा आणि म्हणावे, ‘चला, म्हाताऱ्याकडे जाऊ.’ त्याच्या उशाशी बसून त्याची इच्छा ऐकावी, त्याचा अंगठा होताना पाहावा आणि मगच सही करावी. पुढे न्यायालयात उभे राहण्याची वेळ आली, तर त्या सुनेसाठी त्यांना खरे तेच सांगता येईल.