बसची स्पर्धा नेमकी कुठे व्हावी?

शहर बससेवेचा विषय निघाला की श्रोत्यांत लगेच दोन गट पडतात. एक गट म्हणतो, खाजगी कंपन्या येऊ द्या, स्पर्धा लागली की सेवा आपोआप सुधारेल. दुसरा म्हणतो, बस ही सार्वजनिक सोय, तिथे स्पर्धेचं नावही नको. आज आपण हा वाद जरा बाजूला ठेवू आणि वेगळा प्रश्न विचारू. स्पर्धा करायचीच असेल, तर ती कुठे करायची? थांब्यावर प्रवासी ओढण्यासाठी, की निविदा भरताना?

या दोन्ही वाटा ब्रिटनने एकाच वेळी चालून पाहिल्या. 1985 चा कायदा झाला आणि 26 ऑक्टोबर 1986 पासून लंडनबाहेर ग्रेट ब्रिटनमधली बससेवा खुली झाली. परवाना असलेल्या कंपनीने 42 दिवसांची पूर्वसूचना द्यायची आणि हव्या त्या मार्गावर गाडी काढायची. लंडनला मात्र यातून वगळलं. तिथे मार्ग, वेळापत्रक आणि भाडं सार्वजनिक संस्थेनेच ठरवायचं, आणि एकेका मार्गावर गाड्या कोण चालवणार यासाठी निविदा मागवायच्या.

लंडनबाहेर काय झालं बघा. चालत्या मार्गांवर गाड्यांची गर्दी झाली. ग्लासगोच्या मध्यवस्तीत तर बसच्या मागे बस अडकू लागली. फेऱ्या वाढल्या, पण प्रवासी घटले. हे कोडं सुटतं ते तिकिटापाशी. समजा, तुमच्याकडे एका कंपनीचा आठवड्याचा पास आहे. समोर आलेली बस दुसऱ्या कंपनीची असेल तर ती तुम्ही सोडून देता. रस्त्यावर तासाला आठ बस धावतात, पण तुमच्या उपयोगाच्या चारच! बरं, कंपन्यांनी एकत्र बसून सामायिक पास काढावा, तर स्पर्धा कायद्याच्या नजरेत तोच संगनमताचा प्रकार ठरण्याची भीती. शेवटी अशा तिकिटांसाठी वेगळी सूट काढावी लागली.

1980 च्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या तीसेक वर्षांत लंडनचे बसप्रवासी जवळपास दुप्पट झाले. इंग्लंडच्या इतर महानगरांत ते साधारण निम्म्यावर आले. याचं सगळं श्रेय निविदांना देणं भाबडेपणाचं होईल. लंडनची लोकसंख्या वाढली, सरकारी पैसा आला, 2003 पासून मध्यवस्तीत मोटार नेण्यावर शुल्क बसलं. तरीही 2023 मध्ये मँचेस्टरने आपल्या बस पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणायला सुरुवात केली आणि जानेवारी 2025 मध्ये ते काम पूर्ण केलं, हे पुरेसं बोलकं आहे.

आता खरी मेख. निविदा काढली म्हणजे झालं, असंही नाही. कंत्राटदाराला पैसे कशाचे द्यायचे? तिकिटाची रक्कम त्याच्या खिशात गेली तर गाडी गर्दीच्या थांब्यांकडेच धावणार. म्हणून तिकिटाचा पैसा संस्थेने ठेवायचा आणि कंत्राटदाराला किलोमीटरमागे दर द्यायचा. पण मग त्याचं लक्ष प्रवाशावरून उडतं. गाडी फिरली, किलोमीटर भरले, बिल निघालं.

एक साधं गणित करू. तासाला सहा बस आहेत आणि त्या नेमक्या दहा-दहा मिनिटांनी येतात, तर प्रवासी सरासरी पाच मिनिटं थांबतो. त्याच सहा बस जोडी-जोडीने वीस मिनिटांनी आल्या, तर थांबणं सरासरी दहा मिनिटांवर जातं. गाड्या तेवढ्याच, किलोमीटर तेवढेच, बिलही तेवढंच. प्रवाशाचा वेळ मात्र दुप्पट वाया. तुम्ही-आम्ही हे रोज भोगतो, फक्त त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. लंडनने 2001 पासून नेमका हाच हिशेब कंत्राटात घातला. तासाला पाच किंवा अधिक फेऱ्यांच्या मार्गावर प्रवाशाला वेळापत्रकापेक्षा किती जास्त थांबावं लागलं ते मोजायचं आणि त्यावर बक्षीस किंवा कपात ठरवायची.

मुंबईत बेस्टच्या ताफ्यात आज निम्म्याहून अधिक गाड्या भाडेतत्त्वावरच्या आहेत. गाडी आणि चालक कंत्राटदाराचे, पैसे किलोमीटरमागे. जुलै 2019 मध्ये किमान भाडं 8 रुपयांवरून 5 रुपयांवर आलं, प्रवासी परतले. मे 2025 मध्ये तेच 10 रुपये झालं. भाड्यावर चर्चा भरपूर होते. कंत्राटातल्या कलमांवर जवळजवळ नाहीच. गाड्यांत जीपीएस आहे, म्हणजे दोन बसमधलं अंतर आपोआप नोंदवता येतं. ते बिलाशी जोडलं पाहिजे.

दुसरं कलम चालकांचं. सर्वांत कमी दराची निविदा जिंकणार असेल, तर काटकसर कुठे होते? गाडीची किंमत ठरलेली, डिझेलचा आणि विजेचा दर ठरलेला, उरतो पगार. ऑगस्ट 2023 मध्ये मुंबईतले कंत्राटी चालक पगारासाठी संपावर गेले आणि आठवडाभर अनेक मार्गांवर गाड्या निघाल्या नाहीत. म्हणून चालकाचा किमान पगार निविदेतच लिहून टाकावा. मग कंपन्यांनी एकमेकींशी चढाओढ करावी ती देखभालीत, इंधन वाचवण्यात आणि आगारातून गाडी वेळेवर काढण्यात.