वेरूळची राणी आणि आमची लेक

गोव्याला जाऊन समुद्र सोडून विमानं काय बघायची, असं मीच ह्यांना म्हटलं होतं. पण आमची थोरली, यंदा दहावीत, हट्टालाच पेटली. मग दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळ्याच्या वाटेवरचं नौदलाचं विमान संग्रहालय पाहायला निघालो. १९९८ साली ते सुरू झालं.

बरीच विमानं आवारात उघड्यावरच मांडली आहेत. ऊन मी म्हणत होतं. मैत्रिणींनो, टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या विसरू नका. सगळ्यांत नजरेत भरतं ते सुपर कॉन्स्टेलेशन. चार पंखे अन् शेपटीवर तीन उभी पाती! एअर इंडिया, हवाई दल आणि नौदल अशा तीन घरी नांदलेलं हे विमान. एअर इंडियाने या जातीच्या विमानांना राण्यांची नावं दिली होती आणि त्यांत एक होती ‘राणी ऑफ एलोरा’. आपल्या वेरूळची! परगावी माहेरचं माणूस भेटावं तसं वाटलं मला.

लेक मात्र रेंगाळली ती सी हॉक आणि अलिझेपाशी. डिसेंबर १९७१ मध्ये ‘विक्रांत’वरून उडून याच जातीच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले चढवले. जहाजावर जागा ती केवढी, म्हणून यांचे पंख दुमडून ठेवता येतात. उडताना वाफेच्या जोराने पुढे फेकायचं, उतरताना शेपटीखालचा आकडा डेकवर ताणलेल्या तारेत अडकवायचा.

“आणि तार चुकली तर गं?”

“तर पुन्हा उडायचं, आई.”

माझ्या पोटात गोळाच आला. कारण तिला हेच करायचंय. आमच्या संभाजीनगरात १९७७ पासून सैनिकी शिक्षणाची पूर्वतयारी करून घेणारी संस्था आहे, पण ती मुलांसाठी. मुलगा असता तर आम्ही एव्हाना चौकशी करून आलो असतो, हेही खरं. २०१९ साली शिवांगी ही नौदलाची पहिली महिला वैमानिक झाली, २०२२ पासून खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुलींनाही प्रवेश मिळतो, हे सगळं लेकीनेच मला ऐकवलं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. दुसऱ्यांच्या मुलींना ‘घाबरू नका’ म्हणून खुशाल सांगते, आणि घरी मात्र हे असं!

सासूबाईंच्या कानावर अजून घातलेलं नाही. परतताना ह्यांनी हळूच विचारलं, “काय म्हणतेस?”

“आधी गणित सुधारू दे,” मी म्हटलं.

लेकीने तोच होकार समजून पिशवीतून गणिताचं पुस्तक काढलं.