पितरांचे पान

पेण तालुक्यातील हमरापूर हे गाव गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. वर्षभर तेथे मूर्ती घडतात आणि भाद्रपद शुद्ध चतुर्थीपूर्वी गावोगावी रवाना होतात. अनंत चतुर्दशीस अखेरचे विसर्जन झाले, की पौर्णिमा उलटताच त्याच महिन्याचा कृष्णपक्ष पितरांसाठी सुरू होतो. कालपर्यंत आरतीने दुमदुमणाऱ्या घरात आता दिवंगतांच्या गोष्टी निघतात. कोकणातल्या मुलास हा पालट निराळा समजावून द्यावा लागत नाही. देव जसे घरी येतात आणि जातात, तसेच पितरही वर्षातून एकदा जेवावयास येतात, असे ते आपल्यापुरते समजून घेते.

या पंधरवड्याची व्यवस्था मोठ्या विचारपूर्वक लावलेली आहे. सामान्यतः मनुष्य ज्या तिथीस निवर्तला, त्या तिथीस त्याचा महालय करतात; बोलीत त्यालाच ‘म्हाळ’ म्हणतात. सौभाग्यवती असता गेलेल्या स्त्रियांसाठी अविधवा नवमी, शस्त्राने अथवा अपघाताने गेलेल्यांसाठी चतुर्दशी आणि ज्यांची तिथीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या. म्हणजे जे विस्मृतीत गेले, त्यांचाही एक दिवस राखून ठेवला आहे. पुढे आश्विन शुद्ध प्रतिपदेस मुलीचा मुलगा आपल्या आईच्या दिवंगत वडिलांस तर्पण करतो. या विधीचा कर्ता पुष्कळदा लहान मुलगाच असतो.

परंतु मंत्रांचा अर्थ मुलांस कोठून उमगणार? त्यांना हा संस्कार घडतो तो स्वयंपाकघरात. पाऊस सरत आलेला असतो; परसात अळू, भोपळा, काकडी, भेंडी यांची रेलचेल असते. तांदळाची खीर, वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी असा बेत होतो. एरवी मुलांचे लाड पुरवणारी आजी त्या दिवशी मात्र खिरीच्या पातेल्यास हात लावू देत नाही. आधी पितरांचे पान, मग घरच्यांची पंगत! ते पान अंगणात किंवा कौलांवर ठेवायचे आणि कावळ्याची वाट पाहायची. कावळा लवकर आला नाही, तर वडील माणसे बोलू लागतात: खीर कमी गोड झाली असेल काय? आजोबांची काही इच्छा राहून गेली असेल काय? भुकेलेली मुले कान देऊन ऐकतात. ज्या आजोबांना त्यांनी कधी पाहिले नाही, त्यांची आवड, त्यांचा राग, त्यांचा विनोद त्या अर्ध्या घटकेत त्यांना कळून जातो.

श्राद्धात पिता, पितामह व प्रपितामह, तसेच माता, पितामही व प्रपितामही यांचा नामोच्चार होतो. तीन पिढ्या मागे जाणारी ही नावे मुलाच्या कानांवर पडावीत, हा लाभ लहानसहान नव्हे. तथापि त्यात एक उणीव राहते. पणजीचे उच्चारले जाते ते बहुधा सासरी ठेवलेले नाव. माहेरी तिला काय म्हणत, ती कोणत्या गावची, हे कोणी सांगितले नाही, तर एका पिढीत ते कायमचे बुडते.

दिवंगतांचे स्मरण एकाच रीतीने होते असेही नाही. जपानात ओबोनच्या दिवसांत पूर्वजांसाठी दिवे लावतात. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या आरंभी त्यांच्या आवडीचे पदार्थ मांडून ठेवतात. पेण तालुक्यातीलच गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. घरी आजोबा गणपती करीत व मुले त्यासाठी चंदन उगाळीत, ही त्यांच्या बालपणाची आठवण. १९१८ साली मातोश्री रुक्मिणीबाई वारल्या, तेव्हा भटजींच्या हातून व्हावयाच्या क्रियाकर्मात विनोबांनी भाग घेतला नाही. परंतु गीता मराठीत असावी, ही आईची इच्छा ते विसरले नाहीत. १९३०–३१ मध्ये त्यांनी ‘गीताई’ रचली. क्रियाकर्म न करणाऱ्या पुत्राचे हे मातृस्मरण आज घरोघर वाचले जाते.

विधी मानणारा असो वा न मानणारा, मुलांच्या हाती काय द्यावयाचे, हा प्रश्न दोघांसही सारखाच आहे. शहरातील बिऱ्हाडांत कौले नाहीत; पान गच्चीवर किंवा खिडकीत ठेवावे लागते. कामाच्या घाईत स्वयंपाक बाहेरून येतो, विधी आटोपशीर होतो. यात फारसे बिघडत नाही. बिघडते ते, पान ठेवून सारी मंडळी मुकाट्याने आपापल्या कामास लागतात तेव्हा. कावळ्याची वाट पाहण्यात गेलेला तो अर्धा घटकेचा वेळ वाया जात नसे. घराण्याची बखर मुलांस त्याच वेळात सांगून होत असे. ती सांगणारी वृद्ध मंडळी अद्याप घरात आहेत, तोवर पणजीचे माहेरचे नाव विचारून घ्यावे.