सांदकफूची चढण

कांचनगंगा एकदां डोळे भरून पाहावी, ही आमच्या काकांची फार दिवसांची इच्छा. वय बहात्तर, गुडघ्यांनीं पायीं चढणें केव्हांच नाकारलेलें. तेव्हां गेल्या कार्तिकांत आम्हीं सांदकफूचा मार्ग धरला. दार्जिलिंगजवळच्या मानेभंज्यांगपासून अंतर अवघें ३१ किलोमीटर; पण शिखर ११,९२९ फूट उंच, पश्चिम बंगालमधील सर्वांत उंच!

या वाटेवर कित्येक दशकें जुन्या लँड रोव्हर गाड्याच चालत आल्या. हें वाहन इंग्लंडांत १९४८ सालीं निघालें. आम्हांला मिळालेली गाडी साधारण काकांच्याच वयाची. काकांनीं तिच्या नाकावर थाप मारून "आम्ही दोघे समवयस्क," असें जाहीर केलें. चारही चाकें एकदम जोर घेतात, आणि निराळ्या दांड्यानें आणखी खालचा गिअर पडतो. मग गाडी माणसाच्या चालीनें, परंतु न थांबतां चढते. अलीकडे पुष्कळसा भाग सिमेंटचा झाला आहे. चढ मात्र होता तोच. कांहीं वळणें एका दमांत बसत नाहींत. चालक गाडी मागें घेई, तेव्हां मागलें चाक दरीच्या किती जवळ गेलें हें मीं पाहिलें नाहीं. काकांनीं पाहिलें असावें, कारण ते रामरक्षा म्हणूं लागले.

कालीपोखरीस काकांचें डोकें दुखूं लागलें, धापही लागली. वर सहाच किलोमीटर उरले होते. बारा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी. अशा दुखण्यावर उपाय एकच, तो म्हणजे आणखी वर न जाणें, आणि तेवढ्यानें न भागल्यास खालीं येणें. "आतां माघार नको," काका म्हणाले. मी निरुत्तर. अखेर चालकानेंच इंजिन बंद करून किल्ली खिशांत टाकली. "बाबूजी, पहाड कल भी यहीं रहेगा." रात्र तेथेंच काढली. डोकें पहांटेपर्यंत उतरलें नसतें तर परत फिरावयाचें, असें मीं काकांकडून वदवून घेतलें होतें. काकूंना काय सांगावें, या विचारानें मला झोंप आली नाहीं; काका मात्र घोरत होते.

पहांटे डोकें उतरलें होतें. शेवटची चढण सर्वांत उभी. गाडी कण्हत कण्हत वर आली. जगांतील सर्वांत उंच पांच शिखरांपैकीं चार येथून दिसतात. एव्हरेस्टकडे ढग होते, पण कांचनगंगा सबंध उघडी होती. काकांनीं कानटोपी काढून हात जोडले, आणि बराच वेळ गाडीच्या पायरीवर बसून राहिले. मग चालकाला म्हणाले, "आतां उतरतांना घाई नको हं!" त्याला मराठी येत नव्हतें, तरी त्यानें मान डोलावली.